गर्भात आधी सगळ्या मुलीच असतात?

कोरडीशाई:
"सुरुवातीला प्रत्येक गर्भ मुलगीच असतो, पुरुषांची स्तनाग्रं हा पुरावा." हे वाक्य परवा पुन्हा कानावर आलं. मला तरी पटतं. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांनी 1947 च्या सुमारास सशाच्या नर गर्भांची वृषणं अगदी लवकर काढली, तर पुढे आतल्या जनननळ्या आणि बाह्यांगं मादीचीच घडली. काही केलं नाही की मादी. मग मूळ आराखडा स्त्रीचाच ना?

भिंगवाली:
नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत जननग्रंथी ना अंडाशय असते ना वृषण. शेजारी नळ्यांच्या दोन जोड्या असतात: वुल्फियन, जिच्यातून शुक्रवाहिन्या होतात, आणि म्युलेरियन, जिच्यातून गर्भाशय आणि बीजवाहिन्या. दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात! शुक्रवाहिनीचा कच्चा माल बाळगणारी ही कुठली मुलगी? स्तनाग्रांची जागा लिंग ठरण्याआधीच आखली जाते, म्हणून ती सगळ्यांना.

कोरडीशाई:
नळ्यांचं मान्य. पण वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक चालू झालं नाही, तर ग्रंथी आपोआप अंडाशयाकडेच वळते. 1991 मध्ये एक्सएक्स, म्हणजे मादीची गुणसूत्रं असलेल्या, उंदरात हे जनुक घातलं, तर नर जन्मला.

भिंगवाली:
त्या 'आपोआप'वरच माझा राग आहे. अंडाशय घडवायलाही डब्ल्यूएनटी4, आरएसपीओ1 अशी जनुकं राबतात. 2009 मध्ये प्रौढ मादी उंदरांच्या अंडाशयातलं फॉक्सएल2 हे जनुक बंद केलं, तर तिथल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे वाढ पूर्ण झाल्यावरही पहारा उठवता येत नाही. आणि जोस्त यांनी ग्रंथी काढल्यावर पुढे काय होतं ते पाहिलं. ग्रंथी मुळात कशी ठरते, हे त्या प्रयोगातून कळतच नाही.

तिरकसराव:
दोघांनी हे कोडं सोडवा. एक्सवाय, म्हणजे नराची, गुणसूत्रं, पोटात वृषणं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक भरपूर, पण पेशींवरचा ते ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) पूर्ण निकामी. बाहेरून मुलगी, आत गर्भाशय नाही, कारण वृषणातल्या दुसऱ्या संप्रेरकाने म्युलेरियन नळी आधीच विरघळवली. ही 'मूळ मुलगी' की 'बदललेला मुलगा'?

कोरडीशाई:
ग्रंथीपुरता मी हरलो. बाह्यांगांचं मात्र सोडत नाही. संप्रेरक पोचलं नाही की तिथे मुलगीच, हे तर तिरकसरावच सांगताहेत.

भिंगवाली:
शेवट तसा होतो, खरं आहे. पण तुमचा दावा सुरुवातीचा होता. नवव्या आठवड्यात तिथे एक उंचवटा आणि बाजूला घड्या, दोघांतही सारख्याच. त्या उंचवट्याचं पुढे शिश्न होतं किंवा शिश्निका (क्लिटोरिस). तो आधी मुलीचा, हे कुणी ठरवलं?