काजूची बाग म्हणजे रान नव्हे

निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून सौर, पवन, जल, अणू वगैरे) करायचं २०३० चं लक्ष्य भारताने २०२५ मध्येच गाठलं, मग हवामानबदलाची चिंता कशाला, असं काही जण विचारतात. अहो, ती स्थापित क्षमता, म्हणजे उभारलेले प्रकल्प जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात तो आकडा. प्रत्यक्षात सुमारे ७० टक्के वीज अजून कोळशाचीच आहे.

मला मात्र जास्त काळजी झाडांची वाटते. हवामानाच्या वचनानुसार भारताला २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषेल इतकी जादा झाडी उभी करायचीय. कोकणातलं बरंचसं रान खासगी. आमच्या रत्नागिरीकडे ऐन-किंजळ तोडून काजूची कलमं लावतात, तरी हेक्टरभर जागेवर १० टक्के जमीन झाकणारं झाडांचं छत्र असलं की सरकारी वन अहवालात ते वनाच्छादनच! बागायतदाराला दोष नाही, त्यालाही पोट आहे. पण रान राखणाऱ्याला दरवर्षी पैसे मिळायलाच हवेत. आज त्याच्या दारात फक्त लाकडाचा ठेकेदार येतो.