जत्रेतील दशावताराचे रात्रभराचे एचडी चित्रीकरण तीस हजारांत कसे करावे?

माडाखाली:

नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी दशावतारी नाटक होते. मुंबईतील ज्या चाकरमान्यांना जत्रेसाठी रजा मिळत नाही त्यांना पाहता यावे म्हणून यंदा संपूर्ण नाटक चित्रित करून यूट्यूबवर ठेवायचे, असे आमच्या मंडळाने ठरविले आहे. नाटक कंपनीची आणि देवस्थानाची परवानगी मिळालेली आहे. आडदशावतारातील, म्हणजे मुख्य आख्यानापूर्वीच्या भागातील, संकासुरापासून पहाटेच्या दहिकाल्यापर्यंत पाच ते साडेपाच तासांचा मामला असतो. संवाद उत्स्फूर्त असल्यामुळे हातात संहिता नसते आणि एखादा प्रसंग निसटला तर तो पुन्हा करून दाखवा असे कोणाला सांगताही येत नाही.

गेल्या वर्षी एकाने मोबाइलवर केलेले चित्रीकरण आमच्याकडे आहे. त्यात चित्रावर आडव्या काळसर पट्ट्या सतत सरकताना दिसतात, पखवाज आणि झांज सुरू झाली की आवाज फाटतो, आणि तासाभरानंतर ओठांची हालचाल व शब्द यांचा मेळ राहत नाही.

खर्चासाठी तीस हजार रुपये आहेत. मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन, ८ जीबी रॅमचा व स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला विंडोज लॅपटॉप आणि एका नातेवाइकांचा जुना एव्हीसीएचडी (कार्डावर व्हिडिओ साठविण्याचे एक स्वरूप) हँडीकॅम हाताशी आहे. या पैशांत वापरलेला डीएसएलआर घ्यावा का, ४के मध्ये चित्रीकरण करण्यात काही अर्थ आहे का, आणि एवढ्या लांबीच्या फाइलचे संकलन या लॅपटॉपवर होईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रात्रीचा फोकस:

आपण सांगितलेल्या तीन दोषांपैकी एकही दोष कॅमेरा स्वस्त असल्यामुळे आलेला नाही, त्यामुळे नवा कॅमेरा घेऊनही ते तिन्ही जसेच्या तसे परत येऊ शकतात. पट्ट्यांचे कारण विजेत आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. मात्र फोन आपणहून सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचा शटर धरतो, तेव्हा प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला प्रकाशाचे पूर्ण आवर्तन येत नाही आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे त्या अपुरेपणाची पट्टी उमटते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० असे हाताने पक्के केले की बहुतेक पट्ट्या नाहीशा होतात. बहुतेक म्हणण्याचे कारण असे की डिमर लावलेले स्वस्त एलईडी दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात, आणि ते मात्र मंडपवाल्याला सांगून बदलून घेण्याखेरीज इलाज नसतो. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मंडपातील सगळे दिवे लावून दोन मिनिटांचे चित्रीकरण करावे आणि ते लॅपटॉपच्या पडद्यावर पाहावे, फोनच्या नव्हे.

फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर पक्के करण्याची सोय नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही दोन्ही अ‍ॅप मोफत आहेत. दुसरे मात्र सर्व अँड्रॉइड फोनवर चालत नाही. फ्रेमगतीइतकेच महत्त्वाचे म्हणजे एक्सपोजर (चित्राचा उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हेही स्वयंचलित ठेवू नयेत. रंगीत झोत पडला की स्वयंचलित व्हाइट बॅलन्स राजाच्या अंगरख्याचा रंग बदलून टाकतो. संकासुराचा काळा वेष समोर आला की स्वयंचलित एक्सपोजर सगळे चित्र उजळवतो, आणि त्याच्या मागोमाग चकचकीत मुकुट घातलेले पात्र आले की चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग उरतो. ८ बिटच्या चित्रीकरणात जळून गेलेला पांढरा भाग संकलनात परत मिळत नाही, म्हणून मुकुटाकडे पाहून एक्सपोजर ठरवावे आणि बाकीचे चित्र किंचित अंधारे राहिले तरी चालवून घ्यावे.

वापरलेल्या डीएसएलआरविषयी माझे मत प्रतिकूल आहे. त्या पिढीतील बरेच कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर चित्रीकरण आपोआप थांबवतात. अर्धा तास वा अधिक चित्रीकरण करणारे यंत्र युरोपच्या जकातीत व्हिडिओ कॅमेरा म्हणून मोजले जाई आणि त्यावर जादा कर पडे, म्हणून उत्पादकांनी ही मर्यादा घातली होती. लग्नाच्या चित्रीकरणात ती निभावते. रात्रभराच्या नाटकात दर अर्ध्या तासाने उठून बटण दाबणारा माणूस तीन वाजता डुलकी घेतो, आणि नेमके युद्ध त्याच वेळी रंगात आलेले असते. पैसे चांगल्या ट्रायपॉडवर घाला. सहा-सात हजारांत द्रवभरित हेडचा बऱ्यापैकी ट्रायपॉड मिळतो.

जुना टेप:

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही, कारण त्यात हँडीकॅमचा विचारच झालेला नाही. तो दोन-दोन तास न थांबता चालतो, तापत नाही, त्याला झूम आहे आणि तो थेट विजेवर लावता येतो. चित्रीकरणाच्या पर्यायांत ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) असेल तर तोच निवडावा. त्याची गती सेकंदाला २८ मेगाबिट असते. केवळ ५०आय असेल तर चित्र सम-विषम ओळींत विभागलेले असते आणि डीइंटरलेस केल्याविना, म्हणजे त्या ओळी एकत्र केल्याविना, यूट्यूबवर चढविल्यास नाचताना हातांच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या दिसतात. मात्र त्याचा सेन्सर नखाएवढाही नसतो, त्यामुळे काळोख्या भागात चित्र रवाळ होणारच, हे मान्य केले पाहिजे.

एक व्यावहारिक सूचना. एव्हीसीएचडी कार्डावर सुमारे २ जीबीचे तुकडे पडतात. त्यांतील फाइली सुट्या ओढून जोडल्यास प्रत्येक सांध्यावर आवाजाला बारीक खाच पडते. कार्डावरील संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या प्रणालीनेच तुकडे एकत्र करावेत.

ध्वनिमुद्रक:

चित्र थोडे रवाळ असेल तर प्रेक्षक दहा मिनिटांत त्याला सरावतो. संवाद ऐकू आला नाही तर मात्र तो पुढे पाहतच नाही. दशावतारात नाटकाचा सगळा जीव शब्दांत आणि पायपेटीच्या सुरांत असतो, म्हणून तीस हजारांतील पहिला वाटा ध्वनीचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. झूम एच१एन किंवा त्याच्या तोडीचा छोटा रेकॉर्डर घ्या. मंडपातील ध्वनिक्षेपकवाल्याशी आधी बोलून त्याच्या मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून एक तार मागून घ्या. रेकॉर्डरला दुसरी जोडणी घेता येत नसल्यास रंगमंचापासून चार-पाच हातांवर फोनचा माइक चालू ठेवा, कारण मिक्सरमध्ये केवळ माइकसमोरचे आवाज येतात. प्रेक्षकांचे हसणे आणि जत्रेचा गजबजाट येत नाही, आणि त्याविना ध्वनिमुद्रण बंद खोलीत केल्यासारखे वाटते.

पातळी ठरविताना गणपतीच्या नमनावर विसंबू नये. झांज, पखवाज आणि पायपेटी एकत्र टिपेला पोहोचतात त्या क्षणी मापक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी ठेवावी. हळू आलेला आवाज नंतर वाढविता येतो, फाटलेला आवाज सांधता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह निवडल्यास तासाला साधारण १ जीबी जागा लागते, त्यामुळे ३२ जीबीचे कार्ड पुरून उरते. रेकॉर्डर विजेवर न लावता पॉवर बँकेवर चालवावा. मिक्सर आणि रेकॉर्डर दोन्ही एकाच विजेवर असले की अनेकदा गुणगुण शिरते.

ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडण्याची दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे बहुतेक फोन फ्रेमगती स्थिर ठेवत नाहीत. अंधार वाढला वा फोन तापला की सेकंदाला ३० ऐवजी कधी २८, कधी २४ फ्रेम घेतात, आणि संकलनाच्या प्रणालीने गती स्थिर धरली तर आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो. दुसरे म्हणजे वेगळ्या रेकॉर्डरचे आणि कॅमेऱ्याचे घड्याळ कधीच तंतोतंत एक नसते. दशलक्षात २० इतकाच फरक धरला तरी तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या गतीत जवळजवळ दोन फ्रेम. पाच तासांत नऊ. त्यामुळे सुरुवातीला एकच टाळी वाजवून भागत नाही. प्रत्येक पदाच्या आरंभी पखवाजाची पहिली थाप ठळक ऐकू येते, तिथे आवाजाची पट्टी कापून पुन्हा जुळवून घ्यावी. कंटाळवाणे काम आहे, पण पाच तासांच्या नाटकाला दीड-दोन तासांत उरकते.

माडाखाली:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंडळात चर्चा करून असे ठरले आहे की हँडीकॅम मधोमध ठेवून संपूर्ण रंगमंच टिपायचा आणि फोन बाजूने केवळ चेहऱ्यांसाठी वापरायचा. हँडीकॅममध्ये ५०पी आहे, हे तपासले. रेकॉर्डर आणि ट्रायपॉड घेतल्यावर उरलेल्या रकमेत हार्ड डिस्क बसेल असे दिसते. आता फोनवर ४के घ्यावे का आणि शेवटची फाइल कोणत्या मापाची करावी, एवढाच प्रश्न उरला आहे. एका ओळखीच्यांनी एच.२६५ ही व्हिडिओ दाबण्याची पद्धत वापरली तर फाइल निम्मी होते असे सांगितले आहे.

फाइलवाला:

४के चा मोह या लॅपटॉपसाठी टाळावा. अनेक कॅमेऱ्यांत ४के ची गती सेकंदाला १०० मेगाबिट असते, म्हणजे तासाला ४५ जीबी. फोन त्याहून कमी घेतात, तरीही पाच तासांचा ढीग तेवढा उरतोच आणि ८ जीबी रॅमवर संकलनाची प्रणाली प्रत्येक कापाला थबकते. फोनवर १०८०पी आणि सेकंदाला २५ फ्रेम पुरेत. फोन चेहऱ्यांसाठीच असल्याने सगळी रात्र चालू ठेवण्याचेही कारण नाही. आख्यानातील महत्त्वाच्या प्रवेशांत चालवावा आणि मधल्या काळात थंड होऊ द्यावा.

दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या प्रणालीची मोफत आवृत्ती उत्तम आहे, पण आपल्या लॅपटॉपवर ती रखडेल. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह वापरावे. फोनची अस्थिर फ्रेमगती शॉटकट स्वतः ओळखते आणि फाइल संकलनयोग्य रूपात बदलून देऊ का असे विचारते. तिथे हो म्हणावे, कारण ध्वनिमुद्रकांनी सांगितलेल्या पहिल्या कारणाचा निकाल तिथेच लागतो. रूपांतरित फाइल बरीच मोठी होते, त्यासाठी हार्ड डिस्कवर आधीच जागा राखून ठेवावी. त्यानंतर प्रॉक्सी चालू करावी, म्हणजे संकलन करताना छोटी प्रत वापरली जाते आणि शेवटी मूळ फाइलवरून चित्र बनते. प्रकल्पाची गती हँडीकॅमप्रमाणे ५० फ्रेम ठेवावी. युद्धातील गिरक्या ५० मध्ये फार सुरेख दिसतात आणि फोनच्या २५ फ्रेमची प्रत्येक फ्रेम दोनदा दाखविली की हिशेब बरोबर बसतो. फोनने ३० फ्रेम घेतल्या असत्या तर हा मेळ बसला नसता.

एच.२६५ विषयी ओळखीच्यांनी सांगितले ते तत्त्वतः बरोबर आहे. एच.२६४ चे मानक २००३ चे आणि एच.२६५ चे २०१३ चे असल्याने नव्यात दाब अधिक चांगला बसतो. परंतु आपली फाइल यूट्यूब कोणत्याही स्थितीत पुन्हा एन्कोड करते, म्हणजे नव्याने दाबून ठेवते, त्यामुळे प्रेक्षकाच्या डेटाची त्यातून बचत होत नाही. वाचतो तो केवळ आपला अपलोडचा वेळ, आणि त्याच्या बदल्यात हा लॅपटॉप कित्येक तास अधिक राबतो. म्हणून एच.२६४ घ्यावे. १०८०पी व ५० फ्रेमसाठी यूट्यूब सेकंदाला १२ मेगाबिट सुचविते. त्या हिशेबाने तासाला ५.४ जीबी आणि पाच तासांचे २७ जीबी होतात. ठरावीक मेगाबिटऐवजी सीआरएफ (दर्जा स्थिर ठेवण्याचा आकडा) २० ठेवल्यास शांत संवादाच्या भागात फाइल लहान राहते आणि नाचात आपोआप मोठी होते. हा आकडा साधारण सहाने वाढविला की फाइल निम्मी होते, मात्र अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ठोकळे दिसू लागतात. हँडीकॅमच्या रवाळपणामुळे फाइल अवास्तव फुगली तर हँडब्रेक या प्रणालीतील सौम्य डीनॉइज (रवा कमी करण्याची सोय) लावून पाहावे. रवा प्रत्येक फ्रेममध्ये बदलत असल्याने एन्कोडर सगळी शक्ती त्यावरच खर्च करतो.

चॅनेलची फोन क्रमांकाने पडताळणी आधीच करून घ्यावी, अन्यथा १५ मिनिटांहून लांब चित्रफीत चढत नाही. पडताळणीनंतर मर्यादा १२ तास वा २५६ जीबी अशी होते. मुंबईकरांना आपापली आवडती पात्रे शोधता यावीत म्हणून वर्णनात प्रवेशांच्या वेळा लिहाव्यात, पहिली वेळ ०:०० ठेवावी.

जुना टेप:

५०पी निघाले हे उत्तम झाले. हँडीकॅमसाठी कार्ड ६४ जीबीचे घ्यावे. २८ मेगाबिटने तासाला सुमारे १२.६ जीबी लागतात, म्हणजे साडेपाच तासांना ७० जीबीच्या जवळ जाते आणि एका कार्डात रात्र मावत नाही. दुसरे कार्ड खिशात असू द्यावे आणि बदल आडदशावतार संपून आख्यान सुरू होण्यापूर्वीच्या विरामात करावा, मग पहिले कार्ड अर्धेही भरलेले नसले तरी चालेल; तेवढ्या विरामात फोन मात्र चालू ठेवावा.

माडाखाली:

कार्ड बदलण्याची ही सूचना नेमकी हवी होती. मिक्सरच्या तारेसाठी उद्या ध्वनिक्षेपकवाल्याला भेटत आहे. त्याच्याकडे रेकॉर्ड आउट कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून इथे कळवितो, म्हणजे कोणती पिन घ्यायची ते ध्वनिमुद्रकांना सांगता येईल.