मे अखेर भंडारदरा–ओतूर–माळशेज, सोबत मुलं आणि आजी: काजवे, साप-विंचू, बिबट्या याबद्दल माहिती हवी

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस स्वतःच्या गाडीने जायचं ठरतंय. आम्ही दोघं, ९ आणि ५ वर्षांची मुलं आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. ठाण्याहून घोटीमार्गे भंडारदरा, तिथे काजव्यांसाठी दोन मुक्काम. मग राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर करत माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे परत. मुक्काम गावातल्या घरात आहे, झोपायला जमिनीवर गाद्या. काजवे नक्की मिळावेत म्हणून काय बघायचं? साप-विंचवाची काळजी कशी घ्यायची? ओतूरकडे बिबट्याचं खूप ऐकलंय, मुलांना घेऊन त्या रस्त्याने जावं का? आणि माळशेजच्या माकडांचं काय?

सह्यवारी
रस्त्याचं आधी सांगतो. भिवंडीजवळ आमण्याला समृद्धीवर चढा आणि इगतपुरीला उतरा. हा ७६ किमीचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटातल्या ट्रकच्या रांगा टळतात. टायरची हवा मात्र निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासा. मेमधल्या तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगात चालवताना कमी हवेचा टायर आणखी तापतो आणि फुटतो. टाकी घोटीलाच भरून घ्या, पुढे बारी-शेंडीच्या बाजूला पंप मोजके आहेत.

अंधार पडल्यावर या रस्त्यांवर ताशी ३०-४० च्या वर जाऊ नका. ससा, कोल्हा, उदमांजर अचानक आडवं येतं आणि दिव्याच्या झोतात जागीच थिजतं. तेव्हा हॉर्न वाजवत बसू नका. दिवे खाली करा, थांबा, ते निघून जातं. एक आडवं गेलं की मागून दुसरं येण्याची शक्यता धरून थोडं थांबूनच पुढे निघा.

पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा. मेमध्ये रानातले ओढे आटलेले असतात, उरलेल्या डबक्यांवर सगळी जनावरं अवलंबून असतात. संध्याकाळी अशा पाण्याकाठी सतरंजी टाकून बसलात तर तुम्ही उठेपर्यंत ती तहानलेली राहतात. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर सकाळी लवकर करा, आजींना चालण्यासारखं आहे. सांदण दरी या वेळी सोडून द्या.

कुठल्याही कड्याला किंवा मोठ्या झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर त्याखाली अत्तर, सिगारेट, धूर काही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून थेट गाडीत शिरा आणि काचा बंद करा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात.

हिरडा_बेहडा
काजव्यांची तारीख कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वळवाच्या एक-दोन सरी पडून हवा दमट झाली की ते दिसू लागतात आणि मोसमी पाऊस जोरात लागला की संपतात. साधारण मेचा शेवट ते जूनचा मध्य. म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी यजमानांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: वळीव पडला का, आणि काल रात्री किती दिसले. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री टाळा. चांदण्यात त्यांचा प्रकाश फिका पडतो.

साडेसात-आठपासून बघता येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर दाटी असते, एखादं झाड तर सगळं एका लयीत उजळतं आणि विझतं. घाटघर, साम्रद, रतनवाडीकडे जाणारा रस्ता हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. नाक्यावर पावती घ्या आणि वनखात्याने ठरवलेली वेळ पाळा.

आता कळकळीची विनंती. नर चमकून मादीला साद घालतो, मादी त्याला तसंच उत्तर देते, आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश पडला की ही साद-प्रतिसाद तुटते आणि त्या रात्रीचं मीलन हुकतं. गाडी रस्त्यावरच, दिवे पूर्ण बंद करून. टॉर्च हवीच, पण तिच्यावर लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळा आणि झोत पायाशी ठेवा. झाडाखालच्या गवतात उतरू नका. माद्या आणि अळ्या जमिनीलगतच असतात, पायाखाली चिरडतात. मुलांना बरणीत काजवे धरायला देऊ नका. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ कुणी मोबाइल उघडला नाही तर समोरचं झाड दुप्पट भरलेलं दिसेल.

गावचा_डॉक्टर
जमिनीवर गाद्या हे वाचून लिहितोय. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखणं, घशात अडकल्यासारखं वाटणं, पापण्या मिटू लागणं ही लक्षणं दिसली तर अपचन समजून बसू नका, तडक निघा. खाट मिळाली तर उत्तम. नाहीतर मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचा. एवढ्या एका गोष्टीने धोका फार कमी होतो. धान्याच्या कणग्या, सरपण यांच्यापासून गादी दूर घाला. उंदीर आले की मागे साप येतो.

दंश झालाच तर अंगठ्या, बांगड्या, पैंजण, बूट काढा, हात-पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैल बांधून स्थिर करा आणि रुग्णाला चालू न देता न्या. करकचून दोरी बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच आहे. मुलांनाही मात्रा मोठ्यांइतकीच लागते, कारण सापाने सोडलेलं विष वय बघून कमी होत नाही. मुक्कामी पोहोचलात की पहिल्या संध्याकाळीच सर्वांत जवळच्या सरकारी रुग्णालयात फोन करून विचारा: प्रतिविष शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का. रुग्णवाहिकेसाठी १०८.

विंचवात मोठा काळा दिसायला भयंकर, पण घातक असतो तो लहान, बारीक नांग्यांचा लाल विंचू. नुसती वेदना असेल तर गार पट्टी आणि वजनानुसार पॅरासिटामॉल. पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं, विशेषतः मुलात, तर लगेच रुग्णालय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून हे मृत्यू खूप घटले, पण गोळी वेळेत पडायला हवी. सकाळी बूट झटकून घाला. रात्री मोरीत, परसात जाताना चप्पल आणि टॉर्च हवीच.

ऊसपट्टा
ओतूरचा रस्ता टाळायचं कारण नाही, फक्त तो दिवसाउजेडी करा. भंडारदऱ्याहून सकाळी आठला निघालात तर दुपारी आरामात माळशेजला पोहोचाल.

कुकडी नदीच्या पाण्यावर ओतूरकडे ऊस वाढला. बारा-अठरा महिने उभ्या असलेल्या उसात बिबट्याला दाट आसरा मिळतो, माद्या तिथेच वितात आणि खायला आजूबाजूला कुत्री, शेळ्या, डुकरं. म्हणजे तो जंगलातून वाट चुकून आलेला नाही, तिथलाच रहिवासी आहे. खरी जोखीम एकच: तिन्हीसांजेनंतर लघवीला म्हणून लेकराला उसाच्या कडेला बसवणं. वाकलेलं, बसलेलं लहान मूल त्याला शेळी-कुत्र्याएवढंच दिसतं. पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलातच थांबा.

गाडीतून दिसला तर काचा वर, दिवे खाली, त्याला वाट द्या. पायी असताना समोर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही. धाकट्याला उचलून घ्या, ताठ उभे राहा, मोठ्या आवाजात बोलत त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. पिल्लं दिसली तर हात लावू नका, आई जवळपास असते. वनखात्याची मदतवाहिनी १९२६.

माळशेजला मेमध्ये धबधबे नसतात, माकडं असतात. कुरकुऱ्याच्या पिशवीचा आवाज झाला की येतात. गाडीबाहेर हातात खाऊ नको, काचा बंद, दात दाखवून हसायचं नाही. त्यांच्या भाषेत ती धमकी असते. काही हिसकावलंच तर सोडून द्या, ओढाताणीतच चावतात. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा, मग रेबीजची लस: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. आणि खाऊ घालू नका. त्यासाठीच ती रस्त्यावर बसतात आणि गाड्यांखाली मरतात.

घोडबंदरकर
खूप आभार सगळ्यांचे. मच्छरदाण्या घेतोच. डॉक्टरसाहेब, विंचू अतिनील टॉर्चमध्ये चमकतो म्हणतात, खोली तपासायला ती चालेल का?

गावचा_डॉक्टर
चालेल, उत्तम चालते. विंचवाचं कवच अतिनील प्रकाशात हिरवट चमकतं. नोटा तपासायची स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते, तिने जांभळा उजेड जास्त पडतो आणि बारीक विंचू नजरेतून सुटू शकतो. ३६५ ची मिळाली तर ती घ्या. दिवे घालवून भिंतीचा पाया, दाराची चौकट, गाद्यांच्या घड्या आणि मोरीचा कोपरा तपासा. मुलांच्या डोळ्यांवर मारू नका आणि काजवे बघताना ती खोलीतच ठेवा.