जाळं कापलं तर भरपाई

समुद्री जीव वाचवायला वनखातं नुसत्या पाट्या लावतं, असं काही जण म्हणतात. सगळंच तसं नाही हो. महाराष्ट्र वनविभागाचा कांदळवन कक्ष, म्हणजे खारफुटी नि समुद्री जीव सांभाळणारी शाखा, २०१२मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०१८मध्ये मत्स्यव्यवसाय विभागाच्या जोडीने एक योजना आली: जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला तर जाळं कापून त्याला सोडायचं, सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढायचे नि अर्ज करायचा. २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. पाण्याखाली अडकून राहिलं तर गुदमरतं, मग गुंता सोडवत बसायला वेळ कुठला? सरळ सुरीच चालवावी लागते. जाळं म्हणजे पोटापाण्याचं भांडवल, ते फुकट कोण कापेल? भर समुद्रात पहारा ठेवण्यापेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं. रक्कम मात्र आता वाढवायला हवी.