प्रतिसाद: उंची आणि योशिए ताकेशिता

व्हॉलीबॉलमध्ये उंचीपुढे काही चालत नाही, हे मत जपानच्या व्हॉलीबॉलपटू योशिए ताकेशिता यांच्या कारकिर्दीकडे पाहता मला पटत नाही. जपानचा महिला संघ २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी पात्र ठरला नाही, तेव्हा अवघ्या १५९ सेंटिमीटर उंचीच्या या सेटरवर (आक्रमणासाठी सहकाऱ्यांना चेंडू उंचावून देणाऱ्या खेळाडूवर) टीकेचा भडिमार झाला आणि काही काळ त्या खेळापासून दूरही गेल्या. मात्र परतल्यानंतर, २००६ च्या जागतिक स्पर्धेत जपानला पदक मिळाले नसतानाही सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यांनाच मिळाला, आणि हे मला ऑलिंपिक पदकाहूनही मोठे वाटते. २०१२ मध्ये लंडनला बोटाचे हाड मोडलेले असताना खेळून त्यांनी संघाला २८ वर्षांनी ऑलिंपिक कांस्यपदक मिळवून देण्यात मोलाचा वाटा उचलला.