मदत हवी आहे: लॉकडाऊनपासून पुस्तकं अडकलेले सभासद परत कसे आणायचे?

नमस्कार मंडळी, मी एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव काउंटरला असते. इथे कोणी ग्रंथपाल किंवा वाचनालयाच्या कमिटीवरचे असाल तर प्लीज वेळ काढून सांगा.

मार्च २०२० ला सगळं बंद झालं तेव्हा ज्यांच्याकडे पुस्तकं होती त्यातले बरेच सभासद पुन्हा फिरकलेच नाहीत. कमिटीचं म्हणणं, देवघेवीत इतकी काही घट नाहीये, आकडे बघा. पण मी आकडे उकलून बघितले तर बंदच्या काळात सिस्टीम आपोआप मुदत वाढवत होती आणि प्रत्येक वाढ नवीन देवघेव म्हणून मोजली गेलीये, पुस्तक सभासदाच्या घरातून हललेलंच नाही!

उघडल्यावरही लगेच सुरळीत झालं नव्हतं. परत आलेली पुस्तकं खोक्यात भरायची, वर तारीख लिहायची, ७२ तास हात लावायचा नाही. मग ओसीएलसी या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रेल्म (REALM) प्रकल्पाच्या चाचण्यांत दिसलं की एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर विषाणू सुट्या पुस्तकांपेक्षा जास्त दिवस सापडतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी दिवस अजून वाढवले, आणि नेमकी मागणीतली पुस्तकंच खोक्यात पडून राहायची. लोक ई-बुककडे गेले ते साहजिकच होतं, ग्रंथालयांना ई-बुक पुरवणाऱ्या एकट्या ओव्हरड्राइव्ह कंपनीवर २०२० मध्ये ४३ कोटी डिजिटल देवघेवी झाल्या, आधीच्या वर्षापेक्षा ३३ टक्के जास्त. त्याचा आनंदच आहे, पण कित्येक ई-बुकांचं लायसन्स दोन वर्षांत संपतं आणि परत पैसे भरावे लागतात, मग छापील खरेदीला कात्री लागते.

मला सगळ्यात जास्त लागतं ते मुलांचं. तेव्हा जी तीन-चार वर्षांची होती त्यांची चित्रांच्या पुस्तकांची वर्षं तशीच निघून गेली. मुलांच्या कपाटातली काही पुस्तकं काढून बघितली तर मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का फेब्रुवारी २०२०.

मला वाटतं लोक दंडाला घाबरून येत नाहीयेत, आणि जितका उशीर तितका संकोच वाढतो. न्यूयॉर्कच्या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालयांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये उशिराचा दंड कायमचा बंद केला, तेव्हा दंडापायी ४ लाखांवर लोकांची कार्डं अडकलेली होती. आमची कमिटी म्हणते वेळेवर पुस्तक देणाऱ्यांवर अन्याय होईल.

तर ज्यांनी दंडमाफी केलीये त्यांनी सांगा, फक्त उशिराचा दंड माफ केला की हरवलेल्या पुस्तकाची किंमतही? फोन केलात की पत्र, आणि त्यात नेमकं काय लिहिलंत म्हणजे वसुली वाटणार नाही? पुस्तक परत केल्यावर माणसं नवीन पुस्तक घेऊन गेली का, की पेटीत टाकून निघून गेली? आणि तुलनेसाठी २०१९ चे आकडे मुदतवाढ वजा करून धरायचे ना? पुढच्या मीटिंगमध्ये हे मांडायचंय, अनुभव लहान असला तरी लिहा.