स्टेरॉइडचा डोस कमी झाला तरी भूक कमी होत नाहीये, कुणी यातून गेलंय का? (मदत हवी आहे)

नमस्कार सगळ्यांना. खूप दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते. काल रात्री अडीच वाजता मी स्वयंपाकघरात लाईट न लावता उभ्याउभ्या टोपातलं उरलेलं शीत (भात) खात होते आणि झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते कपड्यात धरून हळूच ठेवलं, आणि तेव्हा मला एकदम रडायलाच आलं. स्वतःच्या घरात मी चोरून जेवतेय.

मी फोंड्याची, वय 41. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर पाय सुजायला लागले, लघवीला फेस यायचा, मग तपासण्या, बायोप्सी, आणि निघालं ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार), तोही किडनीपर्यंत पोचलेला. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 40 मिलिग्रॅमवर सुरू झालं, सोबत मायकोफेनोलेट आणि एचसीक्यू ही ल्युपसची औषधं. औषधांनी गुण आला हे खरं, लघवीतलं प्रोटीन खूप उतरलं, सूज गेली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण पहिल्या आठवड्यापासून जी भूक सुरू झाली ती आजपर्यंत गेलेली नाही. तेव्हा सगळे म्हणाले स्टेरॉइड आहे, डोस कमी झाला की जाईल. आता तीन महिने झाले मी 10 मिलिग्रॅमवर आहे आणि भूक तिथेच आहे, म्हणूनच मला कळत नाहीये की हे नक्की कशाने होतंय.

ही भूक कशी आहे ते ज्यांना झाली नाही त्यांना सांगणं कठीण आहे, तरी सांगते. जेवायची वेळ झाली म्हणून लागते तशी नाही ती. पोट भरलेलं असतं, हात लावला तर तडस लागलेली कळते, आणि तरीही आतून काहीतरी ओढत असतं, वखवख म्हणतात ना तसं. जेवून हात धुतले की अर्ध्या तासात परत. ऑफिसात फाईल समोर असते आणि डोक्यात फक्त घरी हुमण (माशाची आमटी) कसलं असेल हेच चालू. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) पों पों यायच्या आधी मी जागी असते, सोप्यावर बसून त्याची वाट बघते, आणि चार पोया घेतल्या की त्यातली एक चहा व्हायच्या आधीच संपलेली असते. वजन 58 होतं, आता 71 आहे.

त्यात मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणजे लोणचं, पापड, सुकं बांगड्याचं किसमूर, खारातली तोरं, पेजेबरोबर जे जे तोंडाला लावायचं ते सगळं बंद. प्रोटीनसुद्धा किडनीमुळे मोजून, त्यामुळे नेटवर जिथे बघावं तिथे "प्रोटीन जास्त खा म्हणजे पोट भरलेलं राहील" लिहिलेलं असतं ते मी मनाने करू शकत नाही.

आणि घरचं बोलणं. सासूबाई वाईट नाहीत हो, माझ्या आजारपणात त्यांनीच सगळं बघितलं, पण मी परत ताट घेतलं की "आतांच जेवलें न्ही गो तूं?" असं म्हणतात आणि तो घास तिथेच अडकतो. गेल्या चवथीला तर एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं की हिला भस्म्या रोग झालाय का, मी तिसरी नेवरी घेतली होती तेव्हा. मी ती परत ठेवली आणि खोलीत जाऊन बसले. नवरा समजून घेतो पण तोही म्हणतो थोडं मनावर घे. मनावर घेऊन आठ-दहा दिवस मी मोजकं खाल्लं आणि मग एका रात्रीत अर्धं पातेलं संपवलं. एकादशी करायचे ती पण सोडली आता, जमतच नाही.

डॉक्टरांना दोनदा सांगितलं. एकदा म्हणाले स्टेरॉइडने होतं, दुसऱ्यांदा म्हणाले वजन बघा, कंट्रोल करा. ओपीडीत माझ्यामागे चाळीस माणसं बसलेली असतात, मला कळतं. थायरॉइड नॉर्मल आहे, उपाशीपोटीची शुगर 92, म्हणजे ती पण नॉर्मल. मग हे काय आहे? कुणाला असं झालंय का, कसं निभावलं, प्लीज सांगा. आणि "गोळ्या बंद कर, अमुक काढा घे" कृपया नको, गोळ्या मी बंद करणार नाही.

प्रतिसाद, मडगावहून:
ताई, आधी एक सांगतो, ही हाव नाही. माझ्या बाबांना दीड वर्ष स्टेरॉइड होतं, दुसऱ्या आजारासाठी. आयुष्यभर दोन घास कमी खाणारा माणूस, ते रात्री उठून फ्रिज उघडायचे आणि सकाळी आमच्याकडे बघायचे नाहीत. आम्ही हसायचो तेव्हा, आता त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही शुगर फक्त उपाशीपोटीच बघितलीत का? बाबांचीही सकाळची चांगली यायची, आणि संध्याकाळी घशाला कोरड, सारखं लघवीला. कुणीतरी दुपारी जेवणानंतर तपासायला सांगितलं तेव्हा 280 निघाली.

प्रतिसाद, म्हापशाहून:
अगं ताई, मी 14 वर्षं नर्स म्हणून काम केलंय, वॉर्डात हे रोज बघितलंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते. वरचे दादा बरोबर बोलतायत. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की त्याचा शुगरवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी असतो, रात्रभरात तो उतरतो, म्हणून सकाळी उपाशीपोटी बघितलं तर रिपोर्ट छान येऊ शकतो आणि दुपारचं कुणी बघतच नाही. दुपारी जेवल्यावर बरोबर दोन तासांनी बघ. शुगर रक्तात भरपूर असते पण इन्सुलिनचं काम नीट होत नाही म्हणून ती पेशींना मिळत नाही, मग शरीर परत खायला मागतं. तहान आणि लघवी वाढलीय का तेही बघ.

दुसरं म्हणजे स्टेरॉइड थेट मेंदूतल्या भुकेच्या केंद्रावर काम करतं, पोट भरलं हा निरोप तिथे नीट पोचत नाही, त्यामुळे "मनावर घे" हा त्यावर उपाय नाही हे घरच्यांना माझ्या नावाने सांग. तिसरं, तू गोळी कधी घेतेस? एकदम सकाळी का दोन वेळा? हे नक्की सांग. झोप मोडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, म्हणजे रात्रीची जाग हे एक वेगळंच कारण असू शकतं. आणि हे दुखणं भुकेचंच आहे ना? बरगड्यांच्या खाली मधोमध जळजळ होऊन खाल्ल्यावर बरं वाटत असेल तर ती ॲसिडिटी किंवा अल्सर पण असू शकतो, लोकांना ती भूकच वाटते. शी काळी डांबरासारखी होत असेल तर त्याच दिवशी दाखवायचं, थांबायचं नाही. घाम येऊन हात थरथरून एकदम भूक लागत असेल तर ते पण सांग, ती शुगर उतरल्याची खूण असते.

गोळ्या बंद करणार नाहीस ते बरं केलंस. इतके महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं जवळजवळ थांबवतं, एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो.

प्रतिसाद, डिचोलीहून:
मला संधिवात, माझंही स्टेरॉइड चालू होतं. मला एकाच गोष्टीने फरक पडला, भूक लागायच्या आधी खायचं. दर अडीच-तीन तासांनी थोडं, घड्याळ लावून. भूक एकदा चढली की मग काहीही खाल्लं तरी ती उतरत नाही. आणि रात्रीसाठी जे खायचंय ते संध्याकाळीच वाटीत काढून टेबलावर झाकून ठेवायचं, सगळ्यांना दिसेल असं. चोरी नाही राहिली की मी आपोआप कमी खाल्लं, खरंच सांगते. दुपारी शीत कमी आणि तांबडी भाजी, दोडकी, भेंडी, जी असेल ती ताटात आधी. पेज उकड्या तांदळाची असली तरी शेवटी ती पेजच, दोन वाट्या गेल्या की शुगर वाढतेच, त्यामुळे हलकी म्हणून भांडंभर नको.

मूळ धागाकर्ती, 12 दिवसांनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण सगळं करून बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

शेजारच्या काकांचं ग्लुकोमीटर आणलं. सकाळी 94. दुपारी जेवून दोन तासांनी 214. मला वाटलं बोटाला काही गोड लागलं असेल, हात धुऊन दुसऱ्या दिवशी परत बघितलं तर 208, आणि संध्याकाळी पाचला 226. म्हणजे मी वर्षभर सकाळचा रिपोर्ट हातात घेऊन निवांत होते आणि दुपारी आत हे चाललं होतं. माझ्या आईला डायबेटिस आहे, हेही मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं. तहानही वाढलीय, पण मी ती उकाड्यावर ढकलत होते.

आणि म्हापशाच्या ताई, तुमचा तो गोळीचा प्रश्न. मी 5 सकाळी आणि 5 रात्री जेवल्यावर घेत होते! सुरुवातीला 40 होतं तेव्हा दोन वेळा विभागून दिलं होतं, मग डोस कमी होत गेला, पण दोन वेळा ही सवय तशीच राहिली. चिठ्ठीवर फक्त 10 मिलिग्रॅम लिहिलेलं, कधी घ्यायचं ते मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही. हे वाचल्यावर मी मनाने काही बदललं नाही, सगळे आकडे वहीत लिहून वही घेऊनच गेले. यावेळी बसल्याबसल्या आधी वहीच पुढे केली, तोंडाने सांगायला गेलं की आपण अर्धं विसरतो आणि ते "भूक लागते" एवढंच ऐकतात. त्यांनी पूर्ण वाचली. पूर्ण डोस सकाळी नाश्त्यानंतर करायला सांगितला, किडनीचे आकडे बघून शुगरची एक गोळी सुरू केली, आणि एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करायला दिली पण हेही म्हणाले की माझं हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून तो आकडा फसवू शकतो, घरी दुपारचं रीडिंग चालू ठेवा. आहारतज्ज्ञांकडेही पाठवलं, त्यांनी प्रोटीन किती चालेल ते मोजून दिलं, त्यात मूग आणि अंडं दोन्ही बसतात. वर्षभर मी भीतीने दोन्ही जवळजवळ सोडली होती, ते सोडायची गरजच नव्हती.

फरक सांगायचा तर, भूक गेली असं नाही म्हणणार. दिवसा आहे, दुपारनंतर जास्त. पण रात्रीची जाग कमी झालीय, गेल्या आठवड्यात फक्त दोनदा उठले. डिचोलीच्या ताईंचं ऐकून वाटी टेबलावर ठेवायला लागले, भाजलेले चणे आणि काकडी, चणे आहारतज्ज्ञांच्या हिशोबात धरून. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं हे कोणासाठी, तर मी म्हटलं माझ्यासाठी, रात्री लागेल तर. मग त्यांना तो मेंदूतल्या केंद्राचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. पण परवापासून वाटी त्याच भरून ठेवतात, काकडीची साल काढून.

मडगावच्या दादांना एवढंच, तुमचे बाबा फ्रिजपाशी उभे असतील ते वाचून मला माझं एकटेपण जरा कमी वाटलं. त्यांना आता बरं आहे ना?

आता एक खायचा प्रश्न आहे. संध्याकाळी पाचला मला नाचणीची तिजान (पातळ लापशी) खूप खावीशी वाटते, आमच्याकडे ती गूळ घालूनच करतात, आणि माझं गूळ-साखर बंद, मीठही मोजून. नुसती पाण्यात केली तर गळ्याखाली उतरत नाही. कुणी ताकात करतं का? ताक आधी घालायचं की उतरवल्यावर, फाटत नाही ना? आणि वर मिरी-जिरं चालेल की आलं बरं लागेल?